अर्धं उघडं दप्तर

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एखादा माणूस दारू पिऊन गाडी चालवताना सापडला होता का, हे शोधायला वकील लागत नाही, अर्ज लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. राज्यातल्या सर्किट कोर्टांचं, म्हणजे काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) न्यायालयांचं, एक संकेतस्थळ आहे, विस्कॉन्सिन सर्किट कोर्ट अ‍ॅक्सेस. ते ज्या संगणक यंत्रणेवर चालतं तिच्या नावावरून लोक त्याला ‘सीकॅप’ म्हणतात. १९९९ पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे. नाव आणि आडनाव टाकलं, की ७२ काउंट्यांमधली प्रकरणं एकाच यादीत समोर येतात. घरमालक भाडेकरू ठेवण्याआधी बघतो, मुली पहिल्यांदा भेटायला जाण्याआधी बघतात, निवडणुकीच्या हंगामात विरोधक तर रोजच बघत असावेत. आपल्या ई-कोर्ट्सवर जिल्हा निवडा, कोर्ट संकुल निवडा, वर्ष टाका, कॅप्चा भरा असं करत बसलेल्यांना हे फार सुखाचं वाटेल.

या सुखातूनच एक समज पक्का झाला आहे, की सीकॅपवर नाव नाही म्हणजे माणूस स्वच्छ. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या बाबतीत हा समज चुकतो, आणि वाईट म्हणजे तो सगळ्यांसाठी सारखा चुकत नाही. खेड्यापाड्याच्या काउंटीतल्या माणसाचं नाव तिथे झळकतं आणि तेच कृत्य केलेला शहरातला माणूस बरेचदा यादीबाहेर राहतो. न्यायालयाचं दप्तर लोकांना उघडं असावं, याबद्दल या लेखात दुमत नाही. ते अर्धंच उघडं ठेवून पूर्ण उघडं असल्यासारखं दाखवलं जातं, ही तक्रार आहे.

मूळ कायद्यातच आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या पहिल्या प्रकरणाला गुन्हा न मानणारं विस्कॉन्सिन हे अमेरिकेतलं एकमेव राज्य. तिथे याला ‘ओडब्ल्यूआय’ म्हणतात, कलम ३४६.६३. रक्तातल्या अल्कोहोलची सर्वसाधारण मर्यादा ०.०८ टक्के, व्यावसायिक वाहन चालवणाऱ्याला ०.०४, एकवीस वर्षांखालच्याला शून्य. पहिल्यांदा सापडलेल्याला १५० ते ३०० डॉलर दंड, त्यावर दंडाहून जड अधिभार, आणि सहा ते नऊ महिने परवाना रद्द. कैद नाही. कायद्याच्या भाषेत हे दिवाणी प्रकरण. गाडीत सोळा वर्षांखालचं मूल असेल तर मात्र पहिली वेळही फौजदारीत जाते. दहा वर्षांच्या आत दुसऱ्यांदा सापडला तर पाच दिवस ते सहा महिने कैद, तिसऱ्या वेळी ४५ दिवस ते एक वर्ष, आणि चौथी वेळ थेट ‘फेलनी’, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या वर्गात, सहा वर्षांपर्यंत. तिसऱ्या वेळेपासून मोजणी जन्मभराची असते. १ जानेवारी १९८९ पासूनचं सगळं धरलं जातं.

पहिली वेळ दिवाणी ठरल्यामुळे ती कोणत्या कोर्टात चालायची हे बऱ्याच अंशी कुणी पकडलं यावर ठरतं. शहराच्या पोलिसाने थांबवलं आणि त्या शहराला स्वतःचं म्युनिसिपल कोर्ट असलं, तर तिकीट, म्हणजे दंडाची नोटीस, तिकडे जातं. राज्यात अशी दोनशेहून जास्त कोर्टं आहेत. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, माणसाने काउंटीच्या रस्त्यावर थांबवलं तर तिकीट काउंटीच्या सर्किट कोर्टात येतं, कारण काउंटीला म्युनिसिपल कोर्ट नसतं. सीकॅप फक्त सर्किट कोर्टांचं आहे. समजा, एकाच बारमधून दोघेजण एकाच वेळी निघाले. एकाला शहराच्या हद्दीत सिग्नलजवळ पोलिसाने अडवलं. दुसरा हद्द ओलांडून पुढे गेला आणि अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या त्या काउंटी हायवेपैकी एकावर, मक्याच्या शेताशेजारी, शेरीफच्या डेप्युटीच्या हाती लागला. दोघांची नळीत फुंकलेली मात्रा सारखी, दंड सारखा, परवाना तेवढेच महिने रद्द. दुसऱ्याचं नाव जगातल्या कुठल्याही फोनवरून वाचता येतं. पहिल्याचं नाव शोधायचं तर आधी ते कोणत्या गावाच्या कोर्टात असेल हे ठाऊक हवं, मग तिथल्या क्लार्कला चिठ्ठी लिहायला हवी.

याहून चमत्कारिक भाग पुढे आहे. म्युनिसिपल कोर्टात ज्यूरी नसते. ओडब्ल्यूआयच्या आरोपीने ‘मी दोषी नाही’ म्हटलं आणि दहा दिवसांत ज्यूरीचं शुल्क भरून मागणी केली, तर प्रकरण सर्किट कोर्टात वर्ग होतं. तिथे गेलं की सीकॅपवर आलं. म्हणजे मुकाट्याने दंड भरणारा लपून राहतो आणि आपला हक्क वापरून लढणारा जाहीर होतो, पुढे तो निर्दोष सुटला तरीही. अशी व्यवस्था कुणी ठरवून केलेली नाही, ती घडत गेली. पण घडली म्हणून न्याय्य होत नाही.

छोट्या काउंटीत शोध घेणाऱ्याने कुठे काय चुकतं ते नीट समजून घ्यावं. सीकॅपवर प्रकरणाचा क्रमांक म्हणजे वर्षाचे चार आकडे, मग दोन अक्षरं, मग सहा आकड्यांचा अनुक्रम. जीव त्या दोन अक्षरांत असतो. ‘टीआर’ म्हणजे वाहतुकीचं दिवाणी प्रकरण, ‘सीटी’ म्हणजे वाहतुकीचा फौजदारी गुन्हा, ‘सीएफ’ म्हणजे फेलनी. टीआर बघून ‘याला गुन्ह्यात शिक्षा झाली’ म्हणणं चूक आहे. शिवाय दिवाणी प्रकरणांत प्रत्येक तिकिटाला स्वतंत्र क्रमांक पडतो. एका रात्रीची चार तिकिटं म्हणजे यादीत चार ओळी, आणि घाईने बघणाऱ्याला वाटतं की हा चार वेळा सापडला. तारीख बघितली की उलगडा होतो: चारही ओळींवर घटनेची तारीख एकच असते.

एक नेहमीचा नमुना जवळून पाहू. पहिला आरोप ३४६.६३(१)(अ), दारूच्या अमलाखाली वाहन चालवणं. दुसरा ३४६.६३(१)(ब), म्हणजे ‘पीएसी’, रक्तातली मात्रा मर्यादेपेक्षा जास्त असणं. वाहन एक, रात्र एक, घोट तेच. आरोप दोन, कारण सरकारला दोन्ही वाटांनी सिद्ध करायची मुभा आहे. दोन्ही सिद्ध झाले तरी शिक्षा एकाचीच द्यायची, असं त्याच कलमात पुढे म्हटलं आहे. म्हणून निकालाच्या रकान्यात एका आरोपापुढे ‘दोषी’ आणि दुसऱ्यापुढे ‘रद्द’ असं दिसतं. ते ‘रद्द’ वाचून कुणी म्हणतं, वशिल्याने सुटला. कुणी म्हणतं, पोलिसांनी उगाच अडकवलं होतं. दोन्ही वाचनं चुकीची. उलट ओडब्ल्यूआयचा आरोप काढून टाकायचा किंवा सौम्य करायचा असेल तर सरकारी वकिलाला एकट्याच्या मर्जीने ते करता येत नाही, कलम ९६७.०५५ प्रमाणे कोर्टाची परवानगी लागते. ‘नो कॉन्टेस्ट’ हा शब्दही असाच फसवा. आरोपी गुन्हा कबूल करत नाही पण लढतही नाही, आणि शिक्षा मात्र कबुलीइतकीच होते. ‘डिसमिस्ड बट रेड इन’ असं दिसलं तर तो आरोप रद्द झालेला असतो, पण शिक्षा ठरवताना न्यायाधीशाने तो विचारात घेतलेला असतो.

आणखी एक ओळ हटकून सुटते. तपासणीसाठी रक्त किंवा श्वास द्यायला नकार दिला, तर त्या नकाराचं प्रकरण ३४३.३०५ खाली वेगळं चालतं. त्यावर सुनावणी मागायला दहाच दिवस मिळतात. ओडब्ल्यूआयच्या आरोपातून सुटलेला माणूस या नकारासाठी परवाना गमावून बसलेला असू शकतो, आणि पुढच्या वेळी मोजणीत तो नकारही धरला जाऊ शकतो. मात्र वॉरंट नसताना रक्त काढू न देण्याच्या नकारावरून पुढची फौजदारी शिक्षा वाढवता येणार नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. सीकॅपची ओळ यातलं काहीच बोलत नाही.

नावाच्या शोधातली गफलत तर सगळीकडची. एका काउंटीत एकाच नावाचे बाप-लेक असतात, दोघेही त्याच पत्त्यावर. जन्माचा महिना आणि वर्ष जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. मराठी नावांची अडचण निराळी आहे. पासपोर्टवर वडिलांचं नाव आपल्या नावाला चिकटलेलं असतं, परवान्यावर ते कधी मधलं नाव होतं, कधी पहिल्या नावातच जातं. रात्री दोन वाजता गाडीत बसून तिकीट टाइप करणारा डेप्युटी आडनाव कशाला समजेल याचा नेम नसतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ असलेल्या नावांची स्पेलिंग तीन-तीन तऱ्हांनी होतात. म्हणून नाव उलटसुलट करून, स्पेलिंग बदलून बघावं. आपलंच प्रकरण शोधत असाल तर तिकिटावरचा क्रमांक टाकून शोधणं सगळ्यात खात्रीचं.

ओळीच्या मागचे कागद सीकॅपवर नसतात. त्यासाठी काउंटीच्या कोर्टाच्या इमारतीत जायचं, क्लार्क ऑफ सर्किट कोर्टकडे. हा लोकांनी निवडून दिलेला अधिकारी असतो, आणि छोट्या काउंटीत काउंटरवर बहुधा दोन-तीनच माणसं. प्रकरणाचा क्रमांक नेला तर काम पटकन होतं. क्रमांक नसेल तर शोधून देण्याचे पाच डॉलर. साध्या प्रतीला पानामागे सव्वा डॉलर, शिक्क्याच्या प्रमाणित प्रतीला पाच डॉलर वेगळे. नुसतं वाचायचं असेल तर तिथल्या संगणकावर फुकट वाचता येतं. फाइलमध्ये तिकीट असतं, फौजदारी असेल तर तक्रारीत अधिकाऱ्याने लिहिलेली हकीकत असते: गाडी किती वेळा रेषेबाहेर गेली, एका पायावर उभं राहायला सांगितल्यावर काय झालं, मॅडिसनच्या स्टेट लॅबोरेटरी ऑफ हायजीनने रक्ताची मात्रा किती दिली. हे वाचल्यावर ०.०८१ आणि ०.२४ यांत फरक कळतो. यादीत दोघेही सारखेच दिसतात. गंमत अशी की वकील आता कागद संगणकावरूनच दाखल करतात, फाइल कागदाची उरलेलीच नाही. तरी ती वाचायला माणसाने चाळीस मैल गाडी हाकत त्या इमारतीतच जायचं. ज्याचा परवाना रद्द झालाय त्याने आपली फाइल बघायला कसं जायचं, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

म्युनिसिपल कोर्टाचं काम याहून जिकिरीचं. राज्याचा खुल्या अभिलेखांचा कायदा, कलम १९.३१ ते १९.३९, त्यांनाही लागू आहे आणि ‘विनाविलंब’ उत्तर देण्याचं बंधन त्यात आहे. पण खेड्यांकडे दोन-चार गावं मिळून एक कोर्ट चालवतात, तेव्हा कोर्टाचं नाव गावाच्या नावाशी जुळत नाही. क्लार्क अर्धवेळ, बैठक महिन्यातून एखादी, तीही संध्याकाळी. मिलवॉकीसारख्या मोठ्या शहराची स्वतःची शोधसोय आहे, पण ती तेवढ्या शहरापुरती. मेनोमिनी काउंटीत आणखी एक पदर लागतो. ती जवळजवळ सगळी मेनोमिनी जमातीच्या राखीव प्रदेशावर आहे, तिचं सर्किट कोर्ट शेजारच्या शावानो काउंटीबरोबर सामायिक आहे, आणि जमातीचं कोर्ट पूर्ण स्वतंत्र. त्याचा निकाल सीकॅपवर येत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. एका चुकीची ओळ माणसाच्या मागे किती वर्षं लावायची? पूर्वीही हे दप्तर उघडंच होतं. पण त्यासाठी इमारतीत जावं लागे, रजिस्टर काढून घ्यावं लागे. हे कष्टच खासगीपण राखत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एफबीआयच्या गुन्हे-नोंदींबद्दल निकाल देताना हाच विचार मांडला: विखुरलेले कागद वेगवेगळ्या कोर्टांत उघडे असणं वेगळं आणि त्यांची एका जागी रचलेली कुंडली उघडी असणं वेगळं. विस्कॉन्सिननेही थोडी माघार घेतली आहे. ज्या फौजदारी प्रकरणांत सगळे आरोप रद्द झाले किंवा आरोपी निर्दोष ठरला, ती २०१८ पासून दोन वर्षांनी संकेतस्थळावरून उतरवली जातात. कोर्टातली फाइल मात्र राहते.

हे उतरवणं योग्यच. पण तेवढ्यावरून ओडब्ल्यूआयच्या शिक्षाही काही वर्षांनी झाकाव्यात असं म्हणणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. जी शिक्षा कायदा स्वतः जन्मभर मोजतो, ती लोकांनी विसरावी ही अपेक्षा विसंगत आहे. अमेरिकेत दारू पिऊन चालवलेल्या गाड्यांमुळे वर्षाला दहा हजारांहून जास्त माणसं मरतात. शाळेच्या बसचा चालक नेमणाऱ्याला हे बघता आलंच पाहिजे. नोकरीत त्रास होऊ नये यासाठी विस्कॉन्सिनचा कायदा आधीच कडक आहे: कामाशी ठोस संबंध नसेल तर अटक किंवा शिक्षेच्या नोंदीवरून भेदभाव करता येत नाही, आणि ही सूचना सीकॅपवरच लिहिलेली आहे. खरा उपद्रव करतात त्या खासगी पार्श्वभूमी-तपासणी कंपन्या. त्या यादी उचलून नेतात आणि सीकॅपवर दुरुस्ती झाली, ओळ उतरली, तरी जुनीच प्रत विकत राहतात. १९७० च्या संघीय पतमाहिती कायद्याने त्यांना अचूकतेचं बंधन घातलं आहे, पण चूक दाखवून देण्याचं ओझं भोगणाऱ्यावरच पडतं. सीकॅप झाकल्याने यांचा धंदा थांबणार नाही, उलट जुन्या प्रतींचा भाव वाढेल.

अर्ध्या दप्तराचा तोटा फक्त शेजाऱ्यापाजाऱ्यांना होतो असं नाही, कोर्टंही त्यात अडकतात. ओ क्लेअर शहराचं एक प्रकरण २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९२ मध्ये तिथे एका चालकावर पहिल्या वेळेचं दिवाणी प्रकरण चाललं होतं. प्रत्यक्षात १९९० मध्ये शेजारच्या मिनेसोटात एक शिक्षा झालेली होती, म्हणजे हे प्रकरण फौजदारीत जायला हवं होतं. दोन दशकांनी ‘तो निकालच बेकायदा’ असा अर्ज आला. न्यायालय म्हणालं, हरकत वेळेवर घेतली नाही, निकाल कायम. अ‍ॅशलँड या सुपीरियर सरोवराकाठच्या विरळ वस्तीच्या काउंटीतलं २०२२ चं प्रकरण उलट बाजूचं. जुन्या शिक्षेच्या वेळी वकिलाचा हक्क नीट समजावला नव्हता, असा आरोपीचा दावा होता. पण जतनाचा काळ संपल्यामुळे त्या सुनावणीचा शब्दशः वृत्तान्तच उरलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वृत्तान्त नसला तरी सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवरच. शिक्षा जन्मभर मोजायची आणि ती कशी झाली हे सांगणारे कागद मात्र मधेच नष्ट करायचे, हे कुणाच्या सोयीचं आहे?

तिथे शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मराठी मुलांना यात एक जास्तीची गाठ आहे. ‘पहिली वेळ इथे गुन्हाच नाही’ हे ऐकून अनेकजण निर्धास्त होतात. पण नोव्हेंबर २०१५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची सूचना आहे: गेल्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झालेली असेल तर शिक्षेची वाट न बघता व्हिसा रद्द करता येतो. देशात राहण्याचा परवाना त्याने लगेच जात नाही. पण सुट्टीला घरी आलं की मुंबईच्या वकिलातीत पुन्हा अर्ज आणि ठरवून दिलेल्या डॉक्टरांची तपासणी. नागरिकत्वाच्या अर्जात अटकेबरोबर नुसत्या तिकिटाबद्दलही विचारलेलं असतं. सीकॅपवर नाव नाही, म्युनिसिपल कोर्टात दंड भरून टाकला, म्हणून ‘नाही’ लिहिणं हा नवा आणि मोठा घोटाळा ठरतो. निकालाची प्रमाणित प्रत प्रकरण ताजं असतानाच घेऊन ठेवावी. दिवाणी वाहतूक प्रकरणांची फाइल जतन करण्याचा काळ फौजदारीपेक्षा बराच कमी आहे, दहा वर्षांनी काउंटरवर ‘आता आमच्याकडे काही नाही’ हे उत्तर मिळू शकतं.

दुरुस्ती अवघड नाही. म्युनिसिपल कोर्टांकडे संगणकाचे पैसे नाहीत, ही सबब पुरेशी नाही, कारण ओडब्ल्यूआयचा प्रत्येक दोषी निकाल त्यांना राज्याच्या वाहन विभागाला कळवावाच लागतो. पुढच्या वेळची मोजणी त्याच नोंदींवरून होते. म्हणजे राज्यभराची पूर्ण यादी सरकारजवळ आज तयार आहे. त्यातले म्युनिसिपल निकाल सीकॅपला जोडावेत, आणि एका रात्रीची सगळी तिकिटं एका घटनेखाली दाखवावीत. आरोपाचं नाव ठळक आणि निकाल खाली बारीक अक्षरांत, हा क्रम उलटा करावा. अंतिम निकालाचं पान तरी घरबसल्या उघडू द्यावं. आणि मोजणी जन्मभराची आहे तोवर ज्या कागदांवर ती उभी आहे ते नष्ट करू नयेत.

शहरांचे महापौर याला विरोध करतील, हे उघड आहे. त्यांच्या मतदारांची नावं आजवर दिसत नव्हती.